जुनी गाडी मधेच पेट्रोल तोडते तेव्हा: दोष शोधायचा कसा

गाडी अजिबातच सुरू होत नसेल, तर दोष शोधणं तसं सोपं असतं. दोष जागेवर असतो, एकेक गोष्ट तपासत जायचं. डोकेदुखी असते ती वेगळ्याच गाडीची. ती वीस मिनिटं मुकाट चालते, चढावर दोन गचके देते, बंद पडते आणि थोड्या वेळाने काहीच झालं नाही अशा थाटात सुरू होते. गॅरेजमध्ये नेली की शहाण्यासारखी वागते. मेकॅनिक एक चक्कर मारून येतो आणि म्हणतो, ‘पंप बदलून बघू.’ पंप बदलला जातो, आणि पुढच्या आठवड्यात गाडी परत तशीच.

म्हणून इथे एकच हट्ट धरला आहे: आधी पुरावा, मग सुटा भाग. येणारा-जाणारा दोष गाडी नीट चालत असताना सापडत नाही. तो हजर असतो त्या दोन-चार मिनिटांतच त्याला गाठावं लागतं, आणि पुढची बरीचशी तयारी त्या दोन-चार मिनिटांसाठीच आहे. सगळी चर्चा पेट्रोल गाड्यांची आहे, कार्बोरेटरवाल्या (हवेच्या ओढीने पेट्रोल मिसळणाऱ्या) आणि जुन्या इंजेक्शनवाल्या (इंजेक्टरने दाबाखाली पेट्रोल फवारणाऱ्या) दोन्ही. डिझेलबद्दल शेवटाकडे थोडं येईल.

हात लावण्याआधी

उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासही पेट्रोलची पेट घेण्याइतकी वाफ तयार होते. ही वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरते, खोलगट जागेत साठते आणि बऱ्याच अंतरावरच्या ठिणगीपर्यंत पोचते. त्यामुळे काम मोकळ्या हवेत करा. जुन्या काचेच्या बल्बचा हातदिवा वापरू नका. तो पडून फुटला की पेटवायला तेवढं पुरतं. कोरड्या पावडरचं अग्निशामक हाताशी ठेवा, डिकीत सामानाखाली नको. डोळ्यांवर चष्मा हवा. तोंडाने नळी ओढून पेट्रोल काढायची सवय असेल तर ती सोडा. पेट्रोल फुप्फुसात गेलं तर जिवावर बेतू शकतं.

इंजेक्शनच्या गाडीत नळीत दाब असतो, इंजिन बंद करून तासभर झाला तरी. नळी सोडण्याआधी पंपाचा फ्यूज किंवा रिले (पंपाची वीज चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच) काढा, इंजिन सुरू करून आपोआप बंद पडू द्या आणि वर दोन-तीन सेकंद सेल्फ मारा. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, जोडाभोवती फडकं गुंडाळा आणि हळूहळू सैल करा. इंजिन गरम असेल तर आधी थंड होऊ द्या.

आपल्या गाडीत नक्की काय आहे?

कार्बोरेटरच्या जुन्या गाडीत बहुधा इंजिनवरच एक यांत्रिक पंप असतो. कॅमशाफ्ट त्याचा दांडा हलवते, आतला पडदा खाली-वर होतो आणि टाकीतून पेट्रोल ओढलं जातं. दाब अगदी कमी, साधारण ०.२ ते ०.४ बार. टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीत दाब नसतो, ओढ असते. हा मुद्दा पुढे कामाला येईल.

इंजेक्शनच्या गाडीत इलेक्ट्रिक पंप असतो, बहुतेक वेळा टाकीच्या आतच. प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असेल तर दाब ढोबळमानाने ३ बारच्या आसपास. कार्बोरेटरच्या जागी एकच इंजेक्टर बसवलेल्या सुरुवातीच्या काही गाड्यांत तो जेमतेम १ बार. नेमका आकडा त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्येच बघायचा. शेजारच्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला लावू नका.

या दोन्हींत एक फरक दोष ओळखायला फार उपयोगी पडतो. कार्बोरेटरच्या फ्लोट चेंबरमध्ये थोडा साठा असतो. सप्लाय तुटला तरी गाडी काही अंतर नीट जाते, मग दमल्यासारखी होते, गचके देते आणि बंद पडते. म्हणजे जिथे गाडी बंद पडली तिथे दोष सुरू झालेला नसतो, तो थोडा आधी झालेला असतो. इंजेक्शनमध्ये असा साठा जवळपास नाहीच. पंप थांबला की इंजिन एक-दोन सेकंदांत जातं.

पायरी पहिली: वही

गाडीत एक छोटी वही ठेवा. दोष आला की लगेच लिहायचं, घरी जाऊन नाही. टाकीत किती पेट्रोल होतं, इंजिन थंड होतं की तापलेलं, किती वेळ चालवली होती, चढ होता की सपाट, खड्डा लागला होता का, गाडी झटक्यात गेली की गचके देत, आणि किती वेळाने पुन्हा सुरू झाली. चार-पाच नोंदी झाल्या की बऱ्याचदा चित्र आपोआप दिसायला लागतं.

सपाट रस्त्यावर ठीक, पण चढावर किंवा ओव्हरटेक करताना दम तोडते: पेट्रोल येतंय पण पुरेसं येत नाही. फिल्टर, टाकीतली जाळी, दबलेली नळी, थकलेला पंप. वीस-तीस मिनिटं सलग चालवल्यावर मरते आणि थोडं थांबलं की बरी होते: टाकीत हवा जायचा मार्ग, जाळीवरचा कचरा, तापल्यावर रुसणारा पंप किंवा रिले, किंवा नळीत होणारी वाफ. खड्ड्यात किंवा दार आपटल्यावर जाते: वायर, कपलर (वायरींचा प्लग-जोड), रिले, अर्थ (बॉडीला जोडलेली निगेटिव्ह वायर). टाकी पाव राहिली की वळणावर गचका: टाकीतल्या उचल-नळीचा किंवा पंपाच्या खालच्या भागाचा प्रश्न.

आणखी एक निरीक्षण फुकटचं आहे, पण ते त्या क्षणीच करावं लागतं. मॅन्युअल गिअरची गाडी चालत असताना इंजिन गेलं, तर लगेच क्लच दाबू नका. रस्ता मोकळा आणि सुरक्षित असेल तर गाडी गिअरमध्येच घरंगळू द्या आणि आरपीएमच्या काट्याकडे बघा. चाकं इंजिनाला फिरवतच असतात. तरीही काटा धपकन शून्यावर आला, तर इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला किंवा इग्निशनला कळत नाहीये. संशय इंजिन फिरल्याची खबर देणाऱ्या क्रँक सेन्सरवर, जुन्या गाडीत त्याच कामाच्या डिस्ट्रिब्युटरमधल्या पिकअपवर किंवा इग्निशनच्या वीजपुरवठ्यावर. काटा वेगाबरोबर हळूहळू उतरला, तर तो सिग्नल शाबूत आहे आणि पेट्रोलवरचा संशय वाढतो. क्रँक सेन्सर तापला की बंद, निवला की चालू, हा खेळ हुबेहूब पेट्रोल तुटल्यासारखा दिसतो, आणि त्याच्या पायी कितीतरी चांगले पंप बदलले जातात.

पायरी दुसरी: पेट्रोलच आहे का?

गाडी बंद पडलेली असताना हे करायचं. स्पार्क टेस्टर प्लगच्या वायरला लावा, दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. स्पार्क टेस्टर स्वस्त मिळतो. प्लग हातात धरून बघायच्या भानगडीत पडू नका, आणि आसपास पेट्रोलचा वास येत असेल तर ही चाचणीच करू नका.

स्पार्क असेल तर एअर फिल्टरनंतरच्या भागात कार्बोरेटर क्लीनरचा किंवा स्टार्टिंग स्प्रेचा एक छोटा फवारा मारा, झाकण परत बसवा, मागे सरका आणि मग सेल्फ मारा. झाकण उघडं ठेवून वर वाकायचं नाही; इंजिनने उलटी ठिणगी मारली तर भुवया जातात. इंजिन दोन सेकंद फुर्रकन चालून पुन्हा गेलं, तर त्याला बाकी सगळं मिळतंय, फक्त पेट्रोल मिळत नाहीये. आता पुढे जाण्यात अर्थ आहे.

कार्बोरेटर असेल तर याहून सोपी युक्ती आहे. इंजिन बंद, एअर क्लीनर काढलेला, टॉर्च कार्बोरेटरच्या तोंडात. हाताने अ‍ॅक्सिलरेटरची लिव्हर झटकन ओढा. आत एक बारीक, ठळक पिचकारी उडालेली दिसली तर फ्लोट चेंबरमध्ये पेट्रोल आहे आणि मागची सगळी लाइन तूर्त निर्दोष. नुसती कोरडी टकटक झाली तर चेंबर रिकामा. तसं असेल तर स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने चेंबरच्या बाजूला, जिथे पेट्रोलची नळी येते तिथे, हलकेच दोन टोले द्या. गाडी त्याने सुरू झाली तर चेंबर भरला की पेट्रोल रोखणारा नीडल व्हॉल्व्ह बंद अवस्थेत अडकत होता. याच जागी आत येणाऱ्या जोडात अनेक कार्बोरेटरना एक नखाएवढी जाळी असते. मोठा फिल्टर तीनदा बदलणाऱ्यांनाही ती जाळी माहीत नसते.

इंजेक्शनच्या गाडीत चावी ऑन केली की मागून दोन-तीन सेकंद गुणगुण ऐकू येते आणि थांबते. काही जुन्या मॉडेलमध्ये पंप सेल्फ मारल्यावरच चालतो, तेव्हा गाडी चांगली असताना हा आवाज एकदा ऐकून ठेवा. बंद पडल्यावर आवाज नाही: आधी वीज तपासा. आवाज आहे: पंप फिरतोय, इतकंच सिद्ध झालं. दाब येतोय हे त्यावरून ठरत नाही.

पायरी तिसरी: टाकीचं झाकण

याला एक मिनिट लागतं, म्हणून आधी. टाकीतून जितकं पेट्रोल बाहेर जातं तितकी हवा आत यावी लागते. तो मार्ग बुजला की टाकीत पोकळी तयार होते आणि पंप तिच्याशी झगडत राहतो. गाडी मरायला लागली की सुरक्षित जागी थांबा आणि झाकण उघडा. हवा जोरात आत ओढली गेल्याचा आवाज आला आणि गाडी लगेच पूर्ववत झाली, तर दोष सापडला. नुसत्या फुस्स आवाजावर जाऊ नका. उन्हात आतली वाफ बाहेर येते तेव्हाही तसाच आवाज होतो, आणि तो साधा असतो.

जुन्या गाड्यांत झाकणालाच छिद्र किंवा व्हॉल्व्ह असतो. नंतरच्या गाड्यांत हवा पेट्रोलची वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यातून येते. चुकीचं, पूर्ण बंद झाकण बसवलेलं असणं, नळी पिळवटलेली असणं, तिच्या तोंडात किड्यांनी घर केलेलं असणं ही नेहमीची कारणं. झाकण सैल ठेवून गाडी रोज चालवणं हा उपाय नव्हे. पेट्रोल हिंदकळून बाहेर येतं.

पायरी चौथी: फिल्टरमधून काय पडतं?

फिल्टर काढून थेट कचऱ्यात टाकू नका. एक पांढरं पातेलं किंवा तसलाच प्लास्टिकचा डबा घ्या. फिल्टर उलटा धरा, म्हणजे पेट्रोल ज्या तोंडाने आत जातं ते तोंड खाली, आणि आतलं सगळं त्यात ओता. पाच मिनिटं हलवू नका. मग भांडं तिरपं करून बघा.

तळाशी विटकरी-तपकिरी बारीक पूड बसली असेल तर टाकीला आतून गंज आहे. काळे, मऊ, बोटांत चुरगळणारे कण असतील तर कुठलीतरी रबरी नळी आतून सुटतेय. पेट्रोलच्या खाली वेगळे थेंब भांडं हलवलं की गोळीसारखे सरकत असतील तर ते पाणी. पेट्रोल मधासारखं पिवळट झालंय आणि आंबूस, वार्निशसारखा वास येतोय, तर ते फार दिवस पडून राहिलेलं आहे. पंप बदलायचा की टाकी काढायची, हा निर्णय या एका भांड्यावर होऊ शकतो. म्हणूनच फिल्टर ‘असाच’ बदलून टाकणारा माणूस मला आवडत नाही.

इथे इथेनॉलचा उल्लेख करायला हवा. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पाणी शोषून घेतं. मर्यादेपलीकडे पाणी झालं की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन तळाशी बसतं, आणि पंप नेमका तळातून ओढतो. जास्त दिवस उभ्या राहणाऱ्या गाडीत हे विशेष. शिवाय इथेनॉलचा विचार न करता बनवलेली जुनी रबरं त्यात फुगतात, मऊ पडतात. अशा नळीचा आतला थर सुटून जिभेसारखा लोंबतो. पेट्रोल हळू वाहत असतं तेव्हा तो बाजूला राहतो, ओढ वाढली की आडवा येतो. बाहेरून नळी नवी कोरी दिसते. नळी वाकवून, दाबून बघा. खात्री नसेल तर बदलाच. इंजेक्शनच्या गाडीला इंजेक्शनच्या दाबासाठीच बनवलेली नळी लागते. बाजूला ‘आर९’ असा दर्जा छापलेला असतो. साधी कार्बोरेटरची नळी तिथे लावणं म्हणजे आग लावायची तयारी. टाकीच्या आत पेट्रोलमध्ये बुडून राहणारी नळी मात्र ‘आर१०’ दर्जाची हवी.

यांत्रिक पंप असेल तर ओढीच्या बाजूचं ध्यानात घ्या. टाकी आणि पंप यांच्यामधल्या नळीला बारीक चीर गेली, तर पेट्रोल गळत नाही. हवा आत जाते. जमिनीवर थेंब नाही म्हणून नळी चांगली, असा निष्कर्ष काढू नका. पंपाच्या आधी तात्पुरता पारदर्शक नळीचा तुकडा लावून इंजिन चालू ठेवा. बुडबुड्यांची सलग माळ दिसली तर मागे कुठेतरी हवा घेतेय. तपासणी झाली की तो तुकडा काढून टाका.

टाकीतल्या पंपाच्या तोंडाला जी जाळीची पिशवी असते ती पंप बाहेर काढल्याशिवाय दिसत नाही. तिच्यावर कचरा चढला की गाडी वर सांगितलेला खेळ करते: ओढ असेपर्यंत कचरा जाळीला चिकटून राहतो, इंजिन थांबलं की सुटून खाली बसतो, गाडी पुन्हा चालू. ‘थोडं थांबलं की बरी होते’ यामागे दर वेळी उष्णताच नसते, हे यामुळेच.

पायरी पाचवी: वीज

माझ्या मते नवख्याने सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. जुन्या गाडीत पंपाइतकंच वायरिंगही म्हातारं झालेलं असतं, आणि वायरिंगची तपासणी जवळजवळ फुकट होते.

रिलेपासून सुरुवात करा. फ्यूज बॉक्समध्ये त्याच क्रमांकाचा दुसरा रिले असेल, हॉर्नचा वगैरे, तर अदलाबदल करून चालवा. आता पेट्रोल ठीक आणि हॉर्न मधेच गप्प, असं झालं तर निकाल लागला. जुन्या रिलेचं झाकण हलकेच उचकटून आतल्या पट्टीवरचे सोल्डरचे डाग भिंगाखाली बघा. खराब डागाभोवती, पिनेच्या अगदी बुडाशी, केसाएवढी गोल काळी रेघ दिसते. थंड असताना ती चिकटलेली असते, तापली की उघडते. डाग पुन्हा लावून रिले चालतो, पण नवा घेतलेला बरा.

बंद पडलेल्या गाडीत रिले काढून त्याच्या खाचेत ३० आणि ८७ या क्रमांकांची टोकं फ्यूज लावलेल्या वायरने जोडली की पंपाला थेट वीज मिळते. बऱ्याच गाड्यांत हे क्रमांक रिलेवरच छापलेले असतात. नसतील तर आकृतीशिवाय जोडू नका. पंप चालला तर रिले किंवा त्याला हुकूम देणारी बाजू दोषी. नाही चालला तर पुढची वायर, अर्थ किंवा पंप. ही जोडणी कायमची ठेवायची नाही. अपघातात इंजिन थांबलं तरी पंप पेट्रोल ओतत राहील. काही गाड्यांत याच कारणासाठी धक्क्याने तुटणारा एक स्विच असतो, डिकीत किंवा पायापाशी. तो सैल झाला तर मोठ्या खड्ड्यातही तुटतो. त्याच्यावरचं बटण दाबलं की परत जोडला जातो.

आता मीटर. इथे नवखे हमखास फसतात. पंपाचा कपलर काढून मीटर लावला, १२ व्होल्ट दिसले, ‘वीज येतेय’ म्हणून पुढे गेले. वायरीची एकच तार शिल्लक असली तरी मीटरला १२ व्होल्ट दिसतात, कारण मीटर करंट घेतच नाही. पंप चालू असताना मोजायला हवं. कपलर जोडलेलाच ठेवून मागून बारीक टोक घाला आणि इंजिन चालू करा. मीटरचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरं पंपाच्या पॉझिटिव्हला: इथे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसू नये. मग बॅटरीच्या निगेटिव्हपासून पंपाच्या निगेटिव्हपर्यंत: ०.१ ते ०.२ व्होल्ट, फार तर. जास्त दिसलं तर वाटेत कुठेतरी वीज खाल्ली जातेय. मधल्या जोडापर्यंत मोजा, मग त्याच्या पुढे, असं अर्धं-अर्धं करत गेलात की जागा सापडते. टाकीच्या वरच्या कपलरवर तपकिरी पडलेलं, किंचित वितळलेलं प्लास्टिक दिसलं तर तिथली पिन तापत होती. अर्थचा बोल्ट बॉडीला जिथे लागतो तिथला गंज खरवडून काढा. मीटर लावलेला असतानाच हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, ठिकठिकाणी हलवून, हलकेच ओढून बघा. आकडा उडी मारतो तिथे थांबायचं.

दोष हट्टी असेल आणि समोर येतच नसेल, तर पंपाच्या कपलरवरून फ्यूज लावून एक जोडी वायर पुढे आणा आणि डॅशबोर्डवर १२ व्होल्टचा छोटा बल्ब लावा. एलईडीपेक्षा साधा बल्ब बरा, मंद झालेला लगेच कळतो. मग गाडी नेहमीसारखी वापरा. गचका देताना बल्ब विझला किंवा मंदावला तर दोष विजेचा. बल्ब लख्ख आणि गाडी मेली, तर पंप, नळ्या, टाकी किंवा मग पेट्रोल सोडून दुसरंच काही. एवढी स्वस्त आणि एवढी बोलकी चाचणी दुसरी नाही.

एक गोष्ट विसरू नका. इंजेक्शनच्या गाडीत इंजिन फिरतंय असा सिग्नल मिळत असेल तरच पंपाचा रिले बंद न होता टिकतो. त्यामुळे क्रँक सेन्सर गेला की स्पार्क आणि पंप दोन्ही एकदम जातात. दोन्ही एकदम गेले असतील तर पंपाच्या मागे लागू नका.

पायरी सहावी: दाब

प्रेशर गेज भाड्याने किंवा उसना मिळाला तरी चालेल. बऱ्याच गाड्यांत फ्युएल रेलवर, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल वाटणाऱ्या नळीवर, टायरच्या व्हॉल्व्हसारखा व्हॉल्व्ह असतो. नसेल तर नळीत टी-जोड घालावा लागतो. जोडल्यावर पहिल्यांदा गळती बघा, मगच इंजिन चालू करा. चालवत बघायचं असेल तर लांब नळीचा गेज बाहेरून काचेवर वायपरखाली पक्का बसवतात, आणि चालवणारा रस्ता बघतो, दुसरा माणूस गेज बघतो. गेज गाडीच्या आत कधीच आणायचा नाही.

रेलवर दाब ठरवणारा रेग्युलेटर आणि त्याला इंजिनची व्हॅक्यूम नळी असेल, तर संथ चालीत (गाडी उभी, इंजिन चालू, अ‍ॅक्सिलरेटरला पाय नाही) दाब सुमारे अर्धा बार कमी असतो. ती नळी काढली की तो वर जायला हवा. नळीच्या टोकाला पेट्रोल किंवा पेट्रोलचा वास लागला तर आतला पडदा फाटलाय. संथ चालीत दाब बरोबर, पण जोर मागितला की घसरतो: प्रमाण कमी पडतंय. टाकीकडे परत जाणारी रबरी नळी क्षणभर चिमटून बघा. दाब झटकन वर गेला तर पंपात जोर आहे, रेग्युलेटर संशयित. वर गेलाच नाही तर पंप, फिल्टर, जाळी, किंवा टाकीच्या आत पंपापासून त्याच्या वरच्या झाकणापर्यंतचा (पेट्रोल भरायचं झाकण नव्हे) वीतभर नळीचा तुकडा. तो तुकडा फुटला तर पेट्रोल टाकीतच परत सांडतं, बाहेर काहीच दिसत नाही, आणि बिचारा पंप बदलला जातो.

दाब स्थिर आणि गाडी मरतेय? मग पंपाला दोष देता येणार नाही. इंजेक्टरला सिग्नल जातो का ते बघा, किंवा पुन्हा इग्निशनकडे वळा.

दाबाबरोबर प्रमाणही मोजतात. इंजेक्शनच्या अनेक गाड्यांत अर्ध्या मिनिटात अर्धा लिटर किंवा जास्त यायला हवं. यांत्रिक पंपाकडून साधारण मिनिटाला अर्धा लिटर. अंतिम शब्द मॅन्युअलचा. हे करताना पेट्रोलसाठीच बनवलेला डबा वापरा आणि इंजिन थंड ठेवा.

पंप खरोखरच गेला असेल तर त्याचीही खूण आहे. गाडी बंद पडलेली, चावी ऑन, पंपाच्या कपलरला पूर्ण वीज येतेय, तरी आवाज नाही. रबरी हातोड्याने टाकीच्या बुडाला दोन टोले दिल्यावर पंप सुरू झाला, तर आतले कार्बन ब्रश झिजलेत. आता पंप बदला, बिनधास्त. बदलताना जाळी, आतला नळीचा तुकडा आणि क्लॅम्पही नवे घाला. आणि पुढे टाकी अगदी तळाला जाऊ देऊ नका. टाकीतला पंप भोवतीच्या पेट्रोलनेच थंड राहतो.

उष्णता आणि वाफ

हा मुख्यतः कार्बोरेटरवाल्यांचा त्रास. जोरात चालवून आल्यावर गाडी थांबवली की पाण्याचं आणि हवेचं फिरणं थांबतं, आणि इंजिनलगतचं तापमान काही वेळ उलट वाढतं. नळीतलं पेट्रोल उकळतं, पंपाला वाफ ढकलता येत नाही. दहा मिनिटं उभी करून पुन्हा सुरू केली की रडते, अर्ध्या-पाऊण तासाने सुरळीत. तपासायचं असेल तर रडत असताना ओलं फडकं पंपावर आणि नळीवर ठेवा, तापलेल्या एक्झॉस्टला न लावता. पाच मिनिटांत फरक पडला तर वाफच. उपाय नळी एक्झॉस्टपासून दूर नेण्याचा, उष्णतारोधक आवरणाचा, कार्बोरेटरखाली जाड उष्णतारोधक पॅकिंग घालण्याचा. लोक इलेक्ट्रिक पंप बसवतात. चालतो, पण कमी दाबाचाच हवा. नीडल व्हॉल्व्हला जास्त दाब पेलत नाही, पेट्रोल वरून वाहतं. शिवाय इंजिन थांबलं की पंप बंद करणारी व्यवस्थाही लागते.

इंजेक्शनमध्ये टाकीतून पुढे सगळीकडे दाब असल्यामुळे पेट्रोल सहजी उकळत नाही. तिथे ‘वाफ धरतेय’ असं कुणी म्हणालं तर आधी दाब मोजायला सांगा.

स्कॅनर लागत असेल, म्हणजे साधारण १९९६ नंतरच्या अमेरिकी किंवा २००१ नंतरच्या युरोपीय नियमांच्या पेट्रोल गाड्यांत, तर लॉंग टर्म फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोलच्या मात्रेत किती टक्के वाढ-घट करतोय ते. संथ चालीत शून्याजवळ आणि जोर लावला की अधिक १५-२० टक्क्यांकडे चढतोय, तर पेट्रोल कमी पडतंय किंवा हवा मोजणारा सेन्सर कमी मोजतोय. संथ चालीत जास्त आणि रेस केल्यावर उतरतोय, तर कुठेतरी फुकटची हवा आत येतेय.

डिझेलमध्ये निम्म्याहून जास्त गोष्टी याच, फक्त नळीत हवा शिरण्याचा मुद्दा सर्वांत वर येतो. हाताने दाबायचा प्रायमर (नळीत डिझेल भरायचा छोटा पंप) मऊ पडत असेल, फिल्टरखालच्या नळातून पाणी येत असेल, तर सुरुवात तिथून. कॉमन रेल इंजिन (सगळ्या इंजेक्टरना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल देणारं) चालू असताना त्याचा कुठलाही जोड सोडायचा नाही. तिथला दाब हजार बारच्याही वर जातो आणि बारीक धार कातडीत घुसते.

दुरुस्तीनंतर

वहीतली सगळ्यात वाईट नोंद काढा आणि तीच परिस्थिती मुद्दाम तयार करा: तेवढंच पेट्रोल, तसाच चढ, तेवढाच वेळ. कोपऱ्यापर्यंत जाऊन आल्याने काही सिद्ध होत नाही. सोडलेला प्रत्येक जोड इंजिन चालू असताना एकदा आणि पूर्ण तापून थंड झाल्यावर पुन्हा एकदा कोरड्या बोटाने पुसून बघा. टाकी उघडली असेल, तर ढवळलेला कचरा नव्या फिल्टरमध्ये येणारच. काहीशे किलोमीटरनंतर तो फिल्टरही काढून पांढऱ्या भांड्यात ओता, आणि अजून तपकिरी पूड पडत असेल तर टाकी आतून साफ करून घ्या.